बाभळीचा काटा एक्स-रेत दिसत नाही!

भातलावणीला चिखलात अनवाणी, नाहीतर तारापूर एमआयडीसीत दिवसभर सेफ्टी शूजमध्ये. पालघर-बोईसरकडच्या पायांची ही तऱ्हा. त्यात शुगरने नसा बधिर केल्या की खिळा रुतला तरी पत्ता लागत नाही. मग पायाची खबर फोटोवरूनच काढायची. पण कोणत्या?

खिळा एक्स-रेत लख्ख दिसतो, बहुतेकदा काचही दिसते. बाभळीचा काटा किंवा बांबूची कपची मात्र मांसात बेमालूम लपते. तिला पकडते सोनोग्राफी. हो, तीच पोटाची!

अशा जखमेतून संसर्ग आत जाऊन हाड सडू लागलं तरी एक्स-रे दोन-तीन आठवडे ‘नॉर्मल’ येऊ शकतो, कारण हाडातले 30 ते 50 टक्के क्षार गेल्याशिवाय त्याला काही दिसत नाही. तेव्हा पहिल्या रिपोर्टवर पेढे वाटू नका. एमआरआयला हे बरंच आधी कळतं. त्याचं नेहमीचं 1.5 टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30 हजार पट! म्हणून ग्राइंडरवर काम करणाऱ्याने डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर आधीच सांगायचं. तपासणी पायाची, चौकशी डोळ्याची.

पाय लाल, गरम, सुजलेला, पण फारसा दुखत नाही? ‘मुरगळला असेल’ म्हणून लोक चालत राहतात आणि आतली हाडं मोडत जातात. हा शार्को फूट. फ्रान्सच्या शार्को यांनी 1868 मध्ये सांध्यांची ही दुर्दशा मांडली ती सिफिलिसच्या रुग्णांत. मधुमेहाशी नातं जुळायला 1936 उजाडलं.

1969 पासून तारापूरला अणुवीज आहे, पण बोन स्कॅनमध्ये किरण सोडतो तो खुद्द पेशंट! टेक्निशियमचं इंजेक्शन हाडांत मुरतं, कॅमेरा फक्त बघतो. दर सहा तासांनी टेक्निशियम निम्मं होतं.

पायातला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या कलर डॉपलरमधला लाल-निळा रंग म्हणजे शुद्ध-अशुद्ध रक्त नव्हे. साधारणपणे प्रोबकडे येणारं लाल, दूर जाणारं निळं. प्रोब फिरवला की रंग बदलले!

एक्स-रेत मांसामध्ये हवेचे काळे बुडबुडे दिसले तर मात्र गंमत संपली. त्याच दिवशी सर्जन गाठायचा, सोमवारची ओपीडी नाही.