रंग उडाला, पण धातू गेला का?

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या जामखेडच्या दुकानात एक गृहस्थ आले. हातात काचेचा ग्लास, पिशवीत काळपट पूड. ग्लासात राणी रंगाचे पाणी केले, चिमूटभर पूड टाकून ढवळले आणि थोड्याच वेळात पाणी नितळ! ही पूड कडुलिंबाच्या पानांपासून 'नॅनो' पद्धतीने बनविली असून पाण्यातील शिसे, क्रोमियम, आर्सेनिक सारे ओढून घेते, अनामत भरा आणि तालुक्याची एजन्सी घ्या, असे त्यांचे म्हणणे. शेजारचे दोन दुकानदार पैसे काढण्याच्या तयारीत होते.

आमची उमर कापडात गेली. ब्लीचिंग पावडरने रंग कसा उडतो, हे आम्हाला कोणी दाखवायला नको. रंग उडाला म्हणजे धातू गेला असे होत नाही. आम्ही आठ दिवसांची मुदत मागितली आणि चौकशीला लागलो. असे एजंट इतर गावांतही फिरत असणार, म्हणून जे हाती लागले ते व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट, शास्त्र खोटे नाही. उलट त्याचा एक पाया पुण्यातच घातला गेला. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३-०४ च्या सुमारास जिरेनियम, कडुलिंब व गवती चहा यांच्या काढ्यातून सोन्याचांदीचे अतिसूक्ष्म कण तयार केले. गवती चहाचे काम २००४ साली 'नेचर मटेरियल्स' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. २००९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी चहाच्या काढ्यातून लोखंडाचे कण केले.

पानांतील तुरट द्रव्ये विरघळलेल्या लोखंडाचे कण बनवितात आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. रंगकामातल्या माणसाला यात फार नवल वाटू नये. कच्छचे अजरख छापणारे खत्री कारागीर गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवितात आणि हिरड्यात भिजविलेल्या कापडावर त्याचा काळा रंग धरवितात. लोखंड आणि झाडाचा तुरटपणा ही जोडी आपल्या धंद्यात फार जुनी आहे.

कण बारीक असल्याचा फायदा कापडाच्या मापाने सांगतो. एक ग्रॅम लोखंडाचा सबंध तुकडा बोटाच्या नखाएवढा. त्याचेच दहा नॅनोमीटरचे कण केले तर त्यांचा पृष्ठभाग ७५ चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे ३६ इंच पन्ह्याचे ४० मीटरचे दोन ताके पसरावेत इतका! एवढ्या पृष्ठभागावर धातू चिकटतात. क्रोमियमचा हेक्झाव्हॅलंट नावाचा अधिक विषारी प्रकार लोखंडामुळे कमी विषारी होतो आणि योग्य आम्लता असेल तर खाली बसतो.

मग अडते कुठे? प्रयोगशाळेत बहुधा शुद्ध पाण्यात एकच धातू मिसळून प्रयोग होतो. आपल्या बोअरचे पाणी क्षारांनी भरलेले. ते क्षारच कणांवरची जागा अडवितात. घागरीला पांढरा थर बसतो तो क्षारांचा. शिसे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि उकळूनही जात नाही. पाणी आटले की उलट दाट होते. शिवाय वापरलेली पूड टाकायची कोठे? पाण्यातले विष आता तिच्यात आहे. गटारात ओतली तर तेच पुन्हा जमिनीत मुरणार. एजंटाच्या पाकिटावर याबद्दल अवाक्षर नव्हते.

तपासून उतरलेला मालही आहे. मद्रासच्या आय.आय.टी.तील प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने आर्सेनिक काढण्यासाठी लोखंडाच्या सूक्ष्म कणांचे गाळणे बनविले आणि ते बंगालच्या गावांत वापरले गेले. २०२२ मध्ये त्यांना सौदी अरेबियाचा प्रिन्स सुलतान जल पुरस्कारही मिळाला. मात्र त्यातील जोडद्रव्य पानांचे नाही. ते झिंगे-खेकड्यांच्या कवचातून मिळते.

आठव्या दिवशी गृहस्थ आले तेव्हा आम्ही विचारले, कोणता धातू, आधी किती, नंतर किती, आणि कोणत्या प्रयोगशाळेचा दाखला? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला शिसे ०.०१ मिलिग्रॅम आणि क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. ती ग्लासात पाहून कळणार कशी? त्यांनी एक झेरॉक्स काढला. त्यावर 'स्वच्छ, वासरहित' एवढेच.

आणि आपल्या पाण्यात शिसे आहे, हे तरी कोणी ठरविले? आधी पाणी तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, पण धातूंची तपासणी करायची असे स्पष्ट सांगावे. साध्या तपासणीत ती धरलेली नसते. आमच्या मते या पद्धतीचे पहिले गिऱ्हाईक घरची घागर नसून रंगाई कारखान्याचे सांडपाणी आहे. काही रंगांत क्रोमियम, तांबे असतेच आणि तेथे मोजणारा माणूसही ठेवता येतो.

उर्दू शाळेत आम्ही रसायनशास्त्राला 'कीमिया' म्हणत होतो. लोखंडाचे सोने करण्याच्या विद्येलाही हाच शब्द. एजंटाजवळ दुसऱ्या अर्थाची कीमिया होती.

शेजाऱ्यांपैकी एकाने पैसे परत खिशात घातले. दुसऱ्याने आमच्या अपरोक्ष अनामत भरली. त्यांचे दोन खोके अजून माळ्यावर पडून आहेत आणि एजंटाचा फोन लागत नाही.