कुड्याची साल आणि कोनेसिन

सुकापूरहून माथेरान रस्त्याने पूर्वेकडे निघाले की नव्या इमारतींच्या मागे माथेरान-प्रबळगडाची डोंगररांग उभी राहते. या डोंगरउतारांवर, तसेच पनवेलच्या दक्षिणेला कर्नाळ्याच्या रानात, पांढरा कुडा पावसाळ्याच्या तोंडावर फुलतो. कोकणात त्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी करतात, आणि आव पडू लागली की मुळीची साल ताकात उगाळून देतात. चरकसंहितेने ही साल मलातून पडणारे रक्त थांबवणाऱ्या द्रव्यांत अग्रभागी ठेवली. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये पनवेलला सुरू केलेल्या धूतपापेश्वर कारखान्याच्या औषधांत आजही कुटजारिष्ट, म्हणजे कुड्याचे अरिष्ट, आहे. इतका दीर्घ वापर असलेल्या औषधाचे ‘क्रियाशील द्रव्य’ शोधून काढले की काम संपले, असा समज आहे. कुड्याचा इतिहास नेमका याच्या उलट सांगतो.

ते द्रव्य फार लवकर हाती आले होते. मुंबईत हेन्स यांनी १८५८ मध्ये या सालीतून कोनेसिन हा अल्कलॉइड वेगळा केला. स्टेरॉइडच्या सांगाड्यावर नायट्रोजनचे दोन अणू बसलेला हा रेणू आमांशाच्या अमीबाला मारतो, म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यास तो शुद्ध रूपात रुग्णांना देऊन पाहण्यात आला. जंतू कमी झाले, पण काही रुग्णांची झोप उडाली, अस्वस्थता वाढली, आणि औषध मागे पडले. २००८ मध्ये त्यामागचे एक संभाव्य कारण पुढे आले: कोनेसिन मेंदूतील हिस्टामिनच्या एच-३ ग्राहींना घट्ट अडवतो. हे ग्राही अडले की जागेपणा वाढतो, आणि हा रेणू मेंदूतून लवकर बाहेरही पडत नाही. आतड्यासाठी दिलेले औषध डोक्यात जाऊन बसत होते, असे मानायला त्यामुळे जागा आहे.

सालीत कोनेसिन एकटा नसतो. त्याच्याच कुळातले इतर अल्कलॉइड आणि आतड्याचे अस्तर आकसवणारी टॅनिन त्याच्यासोबत असतात. त्यातच कोनेसिन अल्कधर्मी असल्यामुळे आम्लात त्याचे क्षार होऊन तो विरघळतो. ताकात उगाळण्याच्या रीतीला रसायनशास्त्राचा असा आधार देता येतो. हा तर्क आहे, मोजमाप नव्हे. पण मोजून पाहण्याजोगा तर्क आहे. म्हणून संशोधन व्हायला हवे ते साल, मात्रा आणि अनुपान (ताकासारखे, ज्यासोबत औषध घेतात ते) या तिन्हींचे मिळून.

यावर आक्षेप येतो की सालीतला अल्कलॉइड झाडागणिक, ऋतूगणिक बदलतो. मग मात्रा ठरवायची कशी? अडचण खरी आहे, पण उपायही ठाऊक आहे: प्रत्येक खेपेतले एकूण अल्कलॉइड मोजणे. त्याहून मोठा धोका भेसळीचा. काळा कुडा या वेगळ्या झाडाची साल पांढऱ्याच्या नावाने विकली गेल्यामुळेच युरोपात या औषधाची पत गेली, अशी नोंद मुंबईत काम केलेल्या डायमॉक यांच्या काळापासून आहे. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी सुट्या असतात, काळ्याच्या चिकटलेल्या. पांढऱ्याचे बी, म्हणजे इंद्रजव, कडू असते, काळ्याचे गोडसर. साल सुकून पोत्यात गेल्यावर मात्र ही ओळख पुसली जाते. ज्या चाचण्यांत सालीची ओळखच पटवलेली नाही, त्यांचा निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, मी तो मानणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मेट्रोनिडाझोल स्वस्त आहे, अमीबावर परिणामकारक ठरलेले आहे. मग कुडा कशाला? अमीबाच्या आमांशासाठी तपासलेले औषधच घ्यावे, यात वाद नाही. पण जुलाब जीवाणूंमुळे, विषाणूंमुळेही होतात. कुड्याचे अल्कलॉइड काही ई-कोलाय जीवाणूंना आतड्याच्या पेशींना चिकटू देत नाहीत, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. काचेच्या भांड्यातला हा निकाल माणसावर पडताळण्याजोगा आहे. त्यावरून घरगुती उपचाराची शिफारस करता येत नाही. लहान मूल जुलाबाने सुकत असेल तर आधी क्षारसंजीवनी द्यावी आणि रक्त पडत असेल तर थेट डॉक्टरांकडे न्यावे.

पनवेलच्या या पट्ट्यात बांधकामे डोंगरांच्या पायथ्याला भिडली आहेत आणि मुळीच्या सालीसाठी खणलेले झाड बहुधा वाचत नाही. तेव्हा खोडाची साल औषधाला पुरते का, ही चाचणी सर्वांत आधी व्हावी, आणि तोवर मुळ्या खणणे थांबावे.