कूटबद्ध चकती-प्रतिमांचे निर्मूलन : एक विवेचन

विद्यार्थ्यांची माहिती कूटबद्ध चकती-प्रतिमेत, म्हणजे परवलीच्या शब्दाने उघडणाऱ्या एका फाईलमध्ये, ठेवता येते. ती फाईल पुसल्यास केवळ सूचीतील नोंद जाते. मजकूर चकतीवर राहतो. परवलीचा शब्द इतरांना ठाऊक असल्यास तो पुन्हा वाचता येतो. सबब प्रथम किल्ली नष्ट करावी. व्हेराक्रिप्टमध्ये ती फाईलच्या आरंभी आणि तिची राखीव प्रत अखेरीस असते. दोन्ही ठिकाणी निरर्थक माहिती भरून मगच फाईल पुसावी. एसएसडीवर मात्र नवी माहिती जुन्याच जागी लिहिली जाईल याची शाश्वती नसते. तेथे उत्पादकाच्या सोयीने संपूर्ण चकती पुसावी. बिरवाडीनजीकच्या महाडमध्ये जुलै २०२१ मध्ये महापूर आला होता. अशा पुरात बंद पडलेल्या संगणकातील माहिती नाहीशी झाली असे मानू नये. भंगारात देण्यापूर्वी त्याची चकती फोडणेच इष्ट.