एपिसोडचा मजकूर: स्विर – छोटी नदी, मोठं ट्रॅफिक

आज फोनवर मॅप उघडा आणि सेंट पीटर्सबर्गवरून थोडं ईशान्येला सरका. दोन मोठे निळे डाग दिसतील. डावीकडचं लाडोगा, युरोपातलं सगळ्यात मोठं सरोवर. उजवीकडचं ओनेगा, दोन नंबरचं. त्यांना जोडणारी बारीक रेघ म्हणजे स्विर नदी. लांबी फक्त २२४ किलोमीटर.

ओनेगाचं पाणी समुद्रसपाटीपासून साधारण ३३ मीटरवर आहे, लाडोगाचं ५ मीटरवर. म्हणजे नदीला २८ मीटर खाली उतरायचंय. पूर्वी ती खडकांवरून खळाळत उतरायची. काठावरच्या पोदपोरोझ्ये गावाच्या नावाचा अर्थच 'खळाळाच्या खालचं'. इथून बोटी न्यायला वाट माहीत असलेले स्थानिक वाटाडे लागायचे.

आता ते खळाळ पाण्याखाली गेलेत, कारण नदीवर दोन धरणं आहेत. जहाजं लॉकमधून उतरतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली लांबलचक टाकी. जहाज आत घ्यायचं, मागचा दरवाजा लावायचा, पाणी खाली सोडायचं, पुढचा उघडायचा. वर चढायचं असेल तर धरणामागचं पाणी आत घ्यायचं. पंप लागत नाही, सगळं गुरुत्वाकर्षणावर चालतं. मला हे फार आवडतं.

खालचं धरण १९३३मध्ये सुरू झालं, आणि खरी गंमत त्याच्या पायात आहे. खाली पक्का खडक नाही, चिकणमाती आहे. तलाव भरला की पाण्याच्या रेट्यानं बांधकाम कलणार, हे इंजिनिअर ग्राफ्तिओ यांच्या टीमला माहीत होतं. मग त्यांनी ते मुद्दाम उलट्या बाजूला, वरच्या पाण्याकडे, किंचित झुकवून बांधलं. पाणी भरलं आणि ते सरळ झालं! बग माहीत आहे, काढता येत नाही, मग डिझाइनच त्याला धरून करायचं.

१९४१ ते ४४ याच नदीवर फिनिश आणि सोव्हिएत सैन्यं समोरासमोर होती. धरणाचं पाणी एकदम सोडलं, तर नदी ओलांडणारे सैनिक वाहून जाणार. म्हणून जून १९४४मध्ये सोव्हिएत विमानांनी आपलंच धरण आधी फोडलं आणि मगच सैन्य पलीकडे गेलं.

आज व्होल्गाकडून येणारा मार्ग आणि श्वेत समुद्राकडून येणारा कालवा, दोन्ही ओनेगाला मिळतात. तिथून बाल्टिक गाठायचा तर स्विर, लाडोगा, मग नेवा. दुसरी वाट नाही. १९६४मध्ये व्होल्गा-बाल्टिक मार्ग नव्यानं सुरू झाला, मोठी जहाजं वाढली, पण स्विरच्या प्रत्येक धरणापाशी कित्येक दशकं लॉक एकेकच. आमच्या भाषेत सांगायचं तर चक्क सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. एक दरवाजा अडकला, की दोन्ही बाजूंना जहाजांची रांग. त्यात हिवाळ्यात सगळं गोठतं, त्यामुळे दुरुस्ती काढायची ती तेव्हाच.