कंबर दुखते? आधी गाडीचे हँडल बघा

पनवेलहून तळोजा एमआयडीसी, वाशी किंवा उरणकडे रोज मोटारसायकलने जाणारे आपल्यात बरेच आहेत. घरी आलो की कंबर धरलेली, मान आखडलेली. आपण म्हणतो, ‘वय झालं.’ तिशीत कसलं वय?

बहुतेक वेळा दोष बसण्याचा असतो. हँडल लांब पडले की आपण पुढे वाकतो, कोपर ताठ होतात आणि अंगाचा भार तळहातांवर येतो. तिथली नस दाबली गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. कळंबोली सर्कलला ट्रेलरच्या मागे असताना अशा हाताने ब्रेक दाबायची वेळ येते, तेव्हा प्रश्न नुसत्या दुखण्याचा राहत नाही.

मलमावर पैसे घालवण्याआधी गॅरेजात जावे. बऱ्याच साध्या गाड्यांचे हँडल बोल्ट सैल करून थोडे मागे घेता येते. लिव्हरही मनगट सरळ राहील असे बसवता येतात. नंतर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणत नाही ना, हे पाहावेच. गाडी चालवताना टाकी गुडघ्यांनी धरावी, हात सैल राहतात. डब्याची बॅग खांद्याला नको, मागे बांधावी.

एवढे करूनही मुंग्या थांबल्या नाहीत किंवा पकड सुटू लागली, तर उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे.