न रंगविलेली लोंकर

घोंगडें काळें असतें, परंतु तें कोणीं काळें केलेलें नसतें. कोल्हापूरकडील चार-पांच धनगरांच्या खांद्यांवरील घोंगडीं एकत्र ठेवून पाहावीं. एकांत तांबूस झांक दिसेल, दुसरें राखी वाटेल, तिसऱ्यांत पांढरे केंस मिसळलेले आढळतील. रंगाऱ्याच्या हातून हा भेद आलेला नाहीं. तो मेंढराच्या अंगावरचाच आहे.

‘बेज’ हा शब्द आतां मराठींतहि ऐकूं येतो. शिंपी व भिंती रंगविणारे फिकट, पिवळसर-भुऱ्या रंगास तो लावतात. फ्रेंच भाषेंत मात्र तो मूळचा रंगाचा शब्द नव्हे. लोंकर रंग न देतां जशीच्या तशी विणली, म्हणजे त्या कापडास बेज म्हणत. पुढें, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, कापडाचें नांव इंग्रजींत रंगास चिकटलें. पांढऱ्या मेंढीची लोंकरहि पूर्ण शुभ्र नसते, तिला पिवळट छटा असते. म्हणून बेज फिकट. आपली दख्खनी मेंढी बहुधा काळी. तेव्हां मूळ अर्थानें पाहिलें तर घोंगडें हें कोल्हापूरचें बेजच होय.

मेंढीच्या केंसांत मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य असतें. त्याचा एक प्रकार काळा-तपकिरी, दुसरा तांबूस-पिवळा. तें मुळींच नसेल तर केंस पांढरा. काळ्या केंसाचीं टोकें उन्हानें विटून भुरीं होतात, आणि वयाबरोबर कित्येक काळीं मेंढरें करडीं पडतात. घोंगड्यांतील छटांचें मूळ येथें आहे.

मग जगांत पांढऱ्या मेंढ्याच अधिक कां? पांढऱ्या लोंकरीवर हवा तो रंग चढतो, काळीवर चढत नाहीं. म्हणून लोंकरीचा व्यापार करणाऱ्या देशांत काळें कोंकरूं कळपांतून वगळलें गेलें. यांत शकुन-अपशकुनापेक्षां बाजाराचा भाग मोठा. दख्खनी लोंकर जाड व राठ, तलम कापडास निरुपयोगी. तिचें घोंगडेंच व्हावयाचें. त्यास रंगाऱ्याची गरज नव्हती आणि काळ्यावर मळहि दिसत नाहीं. येथें काळी मेंढी टिकली ती अशी.

धनगरांच्या बायकांनीं सूत कातावें व सनगरांनीं तें मागावर विणावें, अशी जुनी वांटणी. विणकर सुतास चिंचोक्याची खळ देतो. तिनें घोंगड्यास ताठपणा येतो. पावसांत त्याचीच खोळ करून डोक्यावरून घेतात. कांठावर पांढरी रेघ हवी असली तर पांढऱ्या मेंढीचें सूत घालतात. तेथेंहि रंग नाहीं.

आतां हा व्यवहार उलटला आहे. लोंकर विकून कातरणीची मजुरीहि सुटत नाहीं, आणि कृत्रिम धाग्यांचीं ब्लँकेटें स्वस्त मिळतात. पैसा मांसाला आहे. त्यामुळें सांगली जिल्ह्यांतील जत तालुक्याकडची माडग्याळ मेंढी सर्वत्र पसरत आहे. ती उंच, अंगानें भरदार, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची. लोंकर मात्र तिच्या अंगावर अगदींच थोडी. धनगरास दोष देणें अन्यायाचें होईल. त्याचें पोट कळपावर आहे. परंतु काळ्या मेंढीच्या जागीं ही आली, म्हणजे विणकराच्या हातीं काय उरणार? पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेंत भंडाऱ्याबरोबर लोंकरहि उधळतात. ती माडग्याळीच्या पाठीवरून यावयाची नाहीं.