न्हाणीघरातली आग

नाशिक शहरात आजवर नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान ०.६ अंश सेल्सिअस आहे, ७ जानेवारी १९४५ चे. जिल्ह्यातल्या निफाडला डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पहाटेचा आकडा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येतो आणि द्राक्ष बागायतदारांची झोप उडवतो. इतका गारठा अंगवळणी पडलेल्या या भागातली घरे मात्र थंडीसाठी बांधलेली नाहीत. मोठ्या खिडक्या, फटी राहिलेली दारे आणि वर उघडी गच्ची, ही सगळी सोय उन्हाळ्याची. त्यामुळे नाशिककर खोली तापवत बसत नाही, पाणी तापवतो. हिवाळ्याची तयारी म्हणजे बहुतेक घरांत गीझरची तयारी, आणि त्यातली एक चूक जिवावर बेतते. तिच्याकडे येण्याआधी गारठा घरात शिरतो कुठून, ते पाहू.

डिसेंबरात इथे दुपारी २८ अंश आणि पहाटे १० अंश असा फरक सहज पडतो. पाऊस परतला की उत्तरेकडची कोरडी हवा येते आणि आभाळ मोकळे होते. दिवसभर तापलेली जमीन रात्री अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते. हवेत बाष्प किंवा ढग असले तर त्यातली बरीच उष्णता परत खाली येते; कोरड्या, निरभ्र रात्री ती थेट अवकाशात निघून जाते. अशा रात्री गच्चीचा प्रत्येक चौरस मीटर साधारण ६० ते १०० वॅट गमावतो. ६०० चौरस फुटांच्या गच्चीला हा हिशोब लावला तर दोन मोठे रूम हीटर चालू ठेवावेत इतकी उष्णता रात्रभर वर जाते. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणारे जास्त का कुडकुडतात, त्याचे कारण हेच. गार झालेली हवा जड असते, ती सखल भागात साचते. म्हणून उघडे निफाड सिमेंटने वेढलेल्या नाशिकपेक्षा जास्त गारठते. बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडून जमीन ओली ठेवतात, ते याच उष्णतेतला थोडा वाटा अडवून धरण्यासाठी.

घरात हा वाटा फुकट मिळतो तो दक्षिणेच्या खिडकीतून. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून साडेशेचाळीस अंशांवर असतो आणि ऊन थेट आत येते. जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा साधा छज्जाही या खिडकीचे ऊन अडवतो. दुपारी पडदे सारून ऊन आत घ्यावे आणि सूर्य मावळायच्या आधी खिडक्या लावून जाड पडदे ओढावेत, याला एक पैसा लागत नाही.

ज्या खिडकीत कूलर बसवला आहे, तिथून मात्र गार वारा रात्रभर आत येत राहतो. कूलर काढणे सगळ्यात बरे. टाकीतले पाणी नुसते ओतून भागत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो तो पाण्याच्या पातळीलगत, टाकीच्या भिंतीवर. ती अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरले की फुटतात. टाकी घासणीने खरवडून धुवावी, उन्हात वाळवावी, मगच कूलर माळ्यावर टाकावा. एसीचे फिल्टर धुऊन त्याचा एमसीबी बंद केला की त्याचे काम संपले.

विजेच्या गीझरचा हिशोब सरळ आहे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते. २ किलोवॅटची कॉइल ते वीस-बावीस मिनिटांत करते. गेल्या वर्षीपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर कॉइलवर क्षार चढलेला असणार. बोअरच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर मोडते आणि त्याचा पांढरा, खरखरीत थर कॉइलवर बसतो. थर उष्णता नीट पुढे जाऊ देत नाही, आतली कॉइल प्रमाणाबाहेर तापते आणि एखाद्या थंड सकाळी जळते. प्लंबरला कॉइल साफ करायला सांगाल तेव्हा आतली मॅग्नेशियमची कांडीही बघायला सांगा. टाकीच्या लोखंडाऐवजी ती स्वतः झिजते. ती संपली की गंज टाकीला लागतो. सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो की नाही, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.

गच्चीवर सोलर असेल तर काचेच्या नळ्या एकदा जवळून बघा. दुहेरी काचेच्या मधली पोकळी निर्वात असते, त्यामुळेच बाहेर १० अंश असतानाही आतली उष्णता टिकते. नळीच्या बंद टोकाला चांदीसारखा चकचकीत डाग दिसतो, तो बेरियमचा असतो. तडा जाऊन हवा शिरली की तो डाग दुधासारखा पांढरा पडतो. तशी नळी बदलायची. बाकीच्यांवरची धूळ पुसली तरी सकाळच्या पाण्यात फरक पडतो.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे पाणी तापायचे ते तांब्याच्या बंबात. मधोमध नळी, खाली जाळी, वरून गोवऱ्या, लाकडे, कोळसे टाकायचे; नळीभोवती पाणी आणि बाजूला तोटी. उष्णता चारी बाजूंनी पाण्यातच जाते, अशी ही नेटकी रचना. आणि बंब असायचा अंगणात किंवा मागील दारी, धूर आभाळात जायचा. फ्लॅट आले, बंब गेला आणि त्याच्या जागी गॅस गीझर आला. ही आगच आहे, फक्त चार भिंतींच्या आत आणलेली.

मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा साधा गॅस गीझर सुमारे १२ किलोवॅट उष्णता निर्माण करतो, म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या कितीतरी पट. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. गीझर पंधरा मिनिटे चालला तर त्याला ३ घनमीटर हवेतला सगळा ऑक्सिजन हवा. ४ बाय ६ फुटांच्या, ८ फूट उंच न्हाणीघरात हवाच सारी साडेपाच घनमीटरच्या आत. ऑक्सिजन थोडा जरी कमी झाला तरी ज्वलन अर्धवट होऊ लागते आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. लागोपाठ दोघांनी अंघोळ केली तर धोका दुसऱ्याला जास्त, कारण हवा आधीच वापरलेली असते. आणि नेमक्या याच दिवसांत आपण गार वारा येतो म्हणून व्हेंटिलेटरला पुठ्ठा लावतो, दाराखाली पायपुसणे सरकवतो.

न्हाणीघरात असे कोणी दगावले की लोक म्हणतात, गॅस गळत होता. गळला असता तर वास आला असता. एलपीजीत मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळलेले असते. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पाय गळून जातात. हे सगळे गरम पाण्याने आलेले सुस्तावणे वाटते, आणि कडी काढायला हात उचलेपर्यंत शुद्ध हरपते. बंद खोलीत उशाशी पेटती कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्यांचेही हेच होते.

म्हणून गॅस गीझर न्हाणीघरात नकोच. ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर लावावा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. आज तो आतच असेल तर दिवाळीनंतर नव्हे, या आठवड्यात हलवा. तोवर बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्या आणि मग अंघोळीला जा. जाळ निळा असला पाहिजे; पिवळा झाला, काजळी धरू लागला तर बर्नर साफ करून घ्यावा. मात्र निळा जाळ म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे, हवा तरीही लागतेच. मुले आणि म्हातारी माणसे आत असताना कडी लावू देऊ नये.

कोणी पडलेच, तर आधी दार-खिडक्या सताड उघडाव्यात, गीझर आणि सिलिंडर बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेत आणून १०८ ला फोन करावा. कोविडपासून घरोघरी ऑक्सिमीटर आहे, बोटाला लावावासा वाटेल. त्यावर विसंबू नका. हे यंत्र रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधते आणि कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते. माणूस बेशुद्ध असतानाही आकडा ९८ दाखवू शकतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्म्याने कमी व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर सुमारे ऐंशी मिनिटे. तेव्हा रुग्णवाहिका आली की पहिले वाक्य हेच सांगा: न्हाणीघरात गॅस गीझर चालू होता.